हरिभाऊ तांबटांचा गाता हंडा

हरिभाऊ तांबट रामराम एकाच हाताने घालायचे. उजवा हात कपाळाशी जाई आणि डावा खिशात राही. मी बारामतीत नवा होतो तेव्हा मला वाटलं, हा माणूस गर्विष्ठ असावा. मी पुण्याच्या पेठेत वाढलेला, त्यामुळे गर्विष्ठ माणूस ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. पुढे कळलं, की ते लढाईत सिग्नल पलटणीत रेडिओ दुरुस्त करत आणि तिथल्या गोऱ्या सार्जंटाने त्यांना एक धडा दिला होता. चालू तारेला हात लावायचा तर एकच लावावा, दुसरा खिशात ठेवावा, म्हणजे वीज छातीतून आरपार जात नाही. लढाई संपली, हरिभाऊ घरी आले, पण हात काही खिशातून बाहेर आला नाही. वहिनी त्यांच्या प्रत्येक सदऱ्याला डाव्या अंगाला एक जाड कापडाचा खिसा शिवून द्यायच्या. सायकलसुद्धा ते एका हाताने चालवत.

ही पन्नास सालानंतरच्या चार-सहा वर्षांतली हकिगत आहे. मी पोस्टात कारकून होतो. त्या काळी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून दरसाल लायसन घ्यावं लागे, आणि ते खातं माझ्या टेबलावर होतं. गावात कुणाकुणाकडे रेडिओ आहेत ते पाहून ये, म्हणून पोस्टमास्तरांनी मला पिटाळलं, तो मी पहिल्याच दिवशी हरिभाऊंच्या दुकानात पोचलो. तिथे एकाला एक लागून अकरा रेडिओ उघडे पडले होते. मी दरडावून लायसनं मागितली. हरिभाऊ म्हणाले, "दवाखान्यात पेशंटाला रेशनकार्ड इचारत्यात व्हय?" मग त्यांनी मला पोत्यावर बसवलं आणि शेंगा दिल्या. तेव्हापासून ऑफिस सुटलं की मी त्या पोत्यावर असे. सगळे मला पोस्टमास्तरच म्हणत. खऱ्या पोस्टमास्तरांना ते आवडत नसे, पण मला आवडायचं.

दुकान एसटी स्टँडसमोरच्या बोळाच्या तोंडाशी होतं. मूळचं ते त्यांच्या वडिलांचं, तांब्याची भांडी घडवण्याचं. वडील गेल्यावर हरिभाऊंनी पुढच्या अर्ध्यात रेडिओ मांडले आणि मागच्या अर्ध्यात वडिलांच्या हातोड्या, ऐरण तशीच ठेवली. गिऱ्हाईक नसलं की मागे जाऊन ते एखाद्या भांड्यावर टिचकी मारत आणि कान देऊन ऐकत. भांडं बदबद वाजलं तर चार ठोके घालून पुन्हा टिचकी. ते भांडं कुणी सांगितलेलं नसे आणि कुणी न्यायलाही येत नसे.

रेडिओ बिघडला असं म्हटलेलं त्यांना खपत नसे. 'रुसलाय' म्हणायचं. आणि रुसलेल्या माणसाची समजूत घालावी तशी त्यांची चौकशी चाले. कुठल्या खोलीत असतो, शेजारी काय असतं, घरात कोण बाळंत झालंय का, रंग लावला का. वडगाव निंबाळकरच्या एका ऊसवाल्या बागायतदारांचा सेट असाच रुसला. दोन वेळा दुकानात आणला, दोन्ही वेळा दुकानात ठणठणीत वाजला आणि घरी जाऊन मुका झाला. शेवटी एका रविवारी हरिभाऊ सायकलवर निघाले आणि मला मागे घेतलं. त्या एका हाताच्या सायकलवर मी वडगावापर्यंत जिवंत कसा पोचलो, हे अजून मला कळलेलं नाही.

बागायतदारांनी रेडिओ आल्याच्या आनंदात बैठकीची खोली नवी बांधली होती. बातम्या ऐकायला चार मोठी माणसं येणार, त्यांना वास नको, म्हणून खिडकीलगतचा गोठा परसात हलवला होता. हरिभाऊंनी रेडिओकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीतून बाहेर जाणारी, जमिनीत पुरलेली तार त्यांनी पाहिली, तिथली माती बोटांत चुरली आणि सांगितलं, "म्हस हितं आना."

रेडिओच्या त्या तारेला ओली जमीन लागते. ती इतके दिवस म्हैस ओली ठेवत होती. बागायतदारांचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण म्हैस आली, दोन दिवसांनी रेडिओ बोलू लागला आणि मोठी माणसं नाकाला उपरणं लावून बातम्या ऐकू लागली. परतताना मी शहाणपणा केला. म्हटलं, हरिभाऊ, रोज तांब्याभर पाणी ओता म्हणून सांगितलं असतं तरी भागलं असतं. ते म्हणाले, "पानी वतायचं मानूस चार दिसांत इसरतंय. म्हस इसरत न्हाय."

अशा माणसाच्या दुकानाच्या पायरीवर मारुतीतात्या येऊन बसले, हा योगच म्हणायचा. तात्या बावड्याचे सनईवाले. वय साठीचं, अंगात मळकी बंडी, मुंडासं मात्र स्वच्छ. त्यांना दमा जडला होता आणि ते महिन्यातून एकदा बारामतीला डॉक्टरकडे येत. परतीची एसटी लागेपर्यंत पायरीवर बसून राहत. बोलणं कमी, कारण दोन वाक्यांनंतर धाप लागे आणि आवाज घोगरा होऊन घशातच राही.

एके दिवशी हरिभाऊंनी एक जुना सेट उघडला होता. काही जुने रेडिओ बिनसले की शिट्टी घालत, आणि हात जवळ नेला की ती शिट्टी वर चढे, मागे घेतला की खाली येई. आम्हाला त्याचं काही नव्हतं. हरिभाऊ त्याला शिव्या देत तारा हलवत होते आणि शिट्टी वरखाली होत होती. तेवढ्यात तात्या पायरीवरून उठून आत आले. म्हणाले, "जरा हळू न्या हात. आनखी हळू." हरिभाऊंनी नेला. शिट्टी एका सुरावरून दुसऱ्यावर अशी गेली, की मधे कुठे सांधा दिसला नाही. तात्या वाकून त्या हाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ह्येला फुकावं लागत न्हाय."

त्या दिवशी त्यांची एसटी चुकली आणि त्यांची कहाणी आम्हाला कळली. त्यांच्या घराण्याकडे बावड्याच्या देवीची उठवणी होती. यात्रेच्या पहाटे देवीला उठवायला वाजवायची एक जुनी धून. ती फक्त त्यांच्या घरात होती, आणि घरात फक्त तात्यांकडे. सनईला दोघं लागतात. एक वाजवतो, दुसरा शेजारी बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर धरून ठेवतो, गाल फुगवून, न थांबता. तो सूर धरायला तात्यांचा धाकटा भाऊ सोपान बसायचा. दहा वर्षांचा असल्यापासून बसत होता, आता पन्नाशीला आला होता. दम्याने तात्यांची सनई बंद पडली तेव्हा त्यांनी सोपानला उठवणी शिकवायला घेतली. सनईवर बोटं कशी पडतात ते दाखवलं. पण उठवणी बोटांत थोडीच असते, ती दमात असते, आणि गाऊन दाखवायला तात्यांना आवाज उरला नव्हता. सोपान वाजवी ते मोटारीच्या भोंग्यासारखं वाजे. तात्या रागावले. तेव्हा सोपानने सनई खाली ठेवली आणि विचारलं, चाळीस वर्षं कुठं गेला होतास? त्या दिवसापासून भावाभावांत बोलणं बंद होतं.

"चूक माजीच हाय," तात्या म्हणाले. "म्या त्येला सूर धराय बसवला, आन् उठवलाच न्हाय."

आणि दोन वर्षं झाली, यात्रेच्या पहाटे सोपान देवळात येई, आपल्या जागेवर बसे आणि नुसता सूर धरी. त्यावर वाजवायला कुणी नसे. तात्या खांबाला टेकून तो रिकामा सूर ऐकत. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मरायच्या आधी एकदा त्या सुरावर उठवणी वाजली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी पेटीचं सुचवलं. तात्या म्हणाले, पेटीला पायऱ्या असतात, उठवणीला उतार लागतो. हरिभाऊ उठले. ते मागच्या खोलीत गेले आणि भांड्यांवर टिचक्या मारत बसले.

मग सगळा हिवाळा ते एकच काम चाललं. तात्या तेवढे महिने हरिभाऊंकडेच राहिले. तीन उस्तादांचं काम आणि मी पोत्यावर. व्हॉल्व्ह, तारा वगैरे हरिभाऊंनी लढाईतून आणलेल्या ट्रंकेतले. स्पीकर लाकडी खोक्यात बसवला तर आवाज तात्यांना पसंत पडेना. नाक दाबून बोलल्यागत येतो म्हणाले. हरिभाऊंनी घरातली यच्चयावत भांडी वाजवून पाहिली आणि शेवटी वहिनींच्या माहेरचा तांब्याचा हंडा उचलला. त्याच्या तोंडाशी स्पीकर बसला, बाजूने हातभर उंचीची तांब्याची सळई उभी राहिली आणि त्या सळईशी हात नेला की हंडा गाऊ लागला. आवाज सनईचा नव्हता. रडून झालेल्या बाईने कामाला लागताना गुणगुणावं तसा काहीसा होता. वहिनी त्या दिवसापासून घागरीने पाणी भरू लागल्या आणि शेजारणींना सांगू लागल्या, "माज्या म्हायेरचा हंडा गातुय. तुमच्या म्हायेरचं काय गातंय?"

तिसरे उस्ताद रज्जाकभाई पेंटर. तमाशाच्या आणि नाटकांच्या कंपन्यांचे पडदे रंगवायचे. जंगल, दरबार, रस्ता म्हणजे त्यांच्या हातचा मळ. हंड्यावर मोर काढायला म्हणून ते आले आणि राहिलेच. हवेत हात नेमका कुठे न्यायचा, हे तात्यांना सापडत नव्हतं. सनईला भोकं असतात, इथे नुसती हवा. रज्जाकभाईंनी त्यावर नामी तोड काढली. सळईच्या मागे टांगायला त्यांनी एक पडदा रंगवला. त्यावर आंब्याचं झाड आणि झाडावर सात पोपट. पहिल्या पोपटाशी हात नेला की सा, दुसऱ्याशी रे. आम्ही धन्य झालो. दुसऱ्या दिवशी थंडी वाढली आणि हंड्याचा सूर सरकला. सा म्हणून हात न्यावा तो पोपटाच्या शेपटीखाली रिकाम्या फांदीवर सापडे. रज्जाकभाईंनी पुन्हा नवे पोपट काढले. तिसऱ्या दिवशी तेही उडाले. सातव्या-आठव्या खेपेला झाडाला पानांपेक्षा पोपट जास्त झाले, तेव्हा तात्यांनी डोळे मिटून घेतले आणि कानाने हात चालवायला सुरुवात केली. रज्जाकभाई दोन दिवस रुसले. पण पडदा कुणी काढला नाही.

खरी गंमत पुढेच होती. हंड्याला फक्त तात्यांचा हात कळायचा असं नव्हे. जवळपास जे कोणी असेल ते सगळं त्याला कळायचं. मी पोत्यावरून पाणी प्यायला उठलो की सूर खाली उतरे. रज्जाकभाई मांडी बदलत तेव्हा थरथरे. हरिभाऊंनी यावर फार डोकं चालवलं आणि अखेर लष्करी तोडगा काढला. प्रत्येकाची जागा खडूने आखून टाकली. आम्ही सगळे आपापल्या चौकटीत बसलो की ते हंड्याचा सूर लावत, आणि मग वाजवून होईपर्यंत कुणी हलायचं नाही. "पोझिशन सोडायची न्हाय," अशी ऑर्डर होती. मी जन्मात कुठलं वाद्य शिकलो नाही, पण त्या वाद्यात मी होतो, हे खरं आहे. एकदा एका कंपनीचा पडदा पोचवायला रज्जाकभाई संध्याकाळी लवकर गेले. त्यांच्या जागी जोंधळ्याचं पोतं ठेवून पाहिलं, ते हंड्याला चाललं नाही. पोतं भिजवलं तेव्हा चाललं. रज्जाकभाईंना हे कळल्यावर ते म्हणाले, आजवर पुष्कळांनी नावं ठेवली, पण ओल्या पोत्याच्या तोलाचा कुणी ठरवला नव्हता.

माघात हरिभाऊ पोस्टाच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले आणि त्यांनी हंड्याचं लायसन मागितलं. यात्रेत नेणार, कुणी विचारलं तर कागद हवा. मी नियम पाहिले. हंडा कुठल्याच नियमात बसेना. वर लिहून विचारलं तर उत्तर आलं, सदर यंत्र ऐकण्याचे आहे की ऐकवण्याचे, याचा खुलासा व्हावा. मी ते हरिभाऊंना वाचून दाखवलं. "आजून त्येचं त्येलाच कळलं न्हाय, म्हनून लिवा," ते म्हणाले. मी मात्र काहीच लिहिलं नाही.

फाल्गुन संपेतो तात्यांच्या हातात उठवणी आली. संध्याकाळी दुकान अर्धं मिटून ते वाजवायला बसत. उजवा हात सळईपुढे हवेत, बोटं किंचित वळलेली, आणि तो हात इतका सावकाश सरके, की पाहता पाहता आपलाही श्वास सावकाश होई. धून ऐकू यायची तशी ती आता दिसायचीही. कुठे थांबते, कुठे मागे वळून पाहते, कुठे पायरी न लागता उतरते, ते सगळं त्या हातात होतं. मला गाण्यातलं काही कळत नाही. तरी एकदा मी चौकटीत बसल्या बसल्या रडलो आणि डोळे पुसायला हात उचलला म्हणून हरिभाऊंच्या शिव्या खाल्ल्या.

चैत्रातल्या यात्रेच्या आदल्या दिवशी आम्ही एसटीने निघालो. हंडा गोधडीत गुंडाळून हरिभाऊंच्या मांडीवर, बॅटऱ्या माझ्या पायाशी, पडद्याची गुंडाळी रज्जाकभाईंकडे. हंडा टपावर टाका म्हणून कंडक्टर हटून बसला. हरिभाऊ म्हणाले, हंडा टपावर गेला तर मीपण टपावर जाईन, आणि मग माझं तिकीट फाडायला तूही ये. इंदापूरला गाडी बदलली आणि दिवस मावळता बावड्याला पोचलो. देवळाच्या सभामंडपात हंडा मांडला, चौकटी आखल्या, सूर लावून पाहिला. बिनचूक लागला. हरिभाऊ इतके खूश झाले की त्यांनी देवीला दोन्ही हातांनी नमस्कार केला.

पहाटे माणसं जमली. बायकांनी नव्या वाद्याला हळदकुंकू लावलं, सळईत ओला हार घातला. हरिभाऊंनी हार हळूच काढून हंड्याच्या गळ्यात घातला आणि सगळ्यांना दूर भिंतीशी बसवलं. सोपानला हंड्याचं कळलं होतं, पण तो काही बोलला नव्हता. उंच, काळा, रुंद छातीचा माणूस. तो आला, कुणाकडे न पाहता तात्यांच्या डाव्या हाताला, चाळीस वर्षांच्या आपल्या जागेवर बसला, सनईची पत्ती ओठांत ओली केली आणि सूर धरला.

तात्यांचा हात वर गेला. हंडा गाऊ लागला आणि भिंतीकडून एक हुंकार उठला. पण चार श्वासांत माझ्या अंगावर काटा आला. सूर लागत नव्हता. खाली सोपानचा सूर एके ठिकाणी आणि वर हंडा त्याच्यापासून केसभर सुटलेला, परत चिकटणारा, पुन्हा सुटणारा. तात्यांनी डोळे उघडले, हात मागेपुढे केला, पुन्हा लावलं, पुन्हा सुटलं. कुणीतरी पोर हसलं. तात्यांच्या कपाळावर घाम आला.

हरिभाऊंना कळलं आणि त्याच क्षणी मलाही कळलं. हिवाळाभर आम्ही सगळ्यांना चौकटी आखल्या होत्या. मला होती, रज्जाकभाईंना होती, ओल्या पोत्याला होती. सोपानला नव्हती. तो कधी दुकानात आलाच नव्हता, आणि आम्हाला त्याची आठवणही झाली नव्हती. तो सूर धरायला दम घेई तशी त्याची छाती फुगे, खांदे हलत, आणि प्रत्येक श्वासाला हंडा सरके. ज्याच्यासाठी सगळं केलं तोच धरायचा राहिला होता.

हरिभाऊ वाकून सोपानजवळ गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सोपानराव, तेवढं दोन हात मागं सरकता का?"

सोपानने सनई तोंडातून काढली. सूर तुटला. त्याने सनई कापडात गुंडाळायला घेतली आणि तो उठू लागला. तो दोन हात मागे सरकायला उठत नव्हता, हे भिंतीपाशी बसलेल्यांनाही कळलं. तेवढ्यात तात्यांनी त्याचं मनगट धरलं.

"तू न्हाय उठायचं," तात्या म्हणाले. आवाज घशातून येत नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "हंडा उठंल."

मी हरिभाऊंकडे पाहिलं. सहा महिन्यांचं काम होतं ते. त्यांच्या आयुष्यात तेवढी एकच वस्तू अशी होती, की जी रुसलेली नसताना त्यांनी हातात घेतली होती. त्यांचा चेहरा पार उतरला. एक शब्द बोलले असते तर गावाने त्यांचं ऐकलं असतं, एवढ्या लांबून आणलेला हंडा सगळ्यांनाच ऐकायचा होता. पण त्यांनी हंडा कवेत उचलला, मी आणि रज्जाकभाईंनी बॅटऱ्या उचलल्या, आणि आम्ही मंडपाबाहेर दीपमाळेच्या मागे जाऊन बसलो.

आत तात्या म्हणाले, "वाजीव."

"मला येत न्हाय," सोपान म्हणाला. दोन वर्षांत भावाशी बोललेलं ते त्याचं पहिलं वाक्य.

"येतंय. चाळीस वरसं ऐकतुयास. चुकलास तर हाताकडं बघ."

आणि तात्यांनी हात वर केला. समोर हंडा नव्हता, सळई नव्हती, नुसती हवा होती. सोपानने सनई तोंडाला लावली. सुरुवातीला भोंगाच वाजला. मग त्याची नजर त्या हातावर गेली. बोटांतून जे चाळीस वर्षांत त्याला दिसलं नव्हतं ते आता समोर सावकाश सरकत होतं. हात थांबला तिथे तो थांबला, हात उतरला तिथे उतरला. उठवणी वाजू लागली. खडबडीत होती, मधेच धापा टाकत होती, पण उठवणीच होती. त्या हाताला हे हंड्यानेच शिकवलं होतं, ही गोष्ट मी अजूनही लोकांना सांगत असतो आणि लोक मान डोलावून विसरून जातात.

पण खाली सूर नव्हता. सूर धरणाराच वाजवत होता. धून नुसती अधांतरी चालली होती आणि सोपान प्रत्येक ओळीच्या शेवटी डावीकडे कान देई. तिथे कोणी नव्हतं. तेव्हा दीपमाळेमागे माझ्या शेजारी हंडा बोलला. एकच सूर, खालचा. हरिभाऊंनी सळई उपटून टाकली होती आणि एक बोट बटणावर ठेवलं होतं. व्हॉल्व्ह तापतील तसा सूर सरके, ते केसाएवढं बटण फिरवून त्याला जागेवर आणत. सळई नसली तरी जवळ कुणी हललेलं हंड्याला थोडं कळेच, म्हणून बाकी अंगाचा कुठलाही भाग हलत नव्हता. सोपानचा आवाज एकदम भरला. उठवणी संपेपर्यंत हरिभाऊंनी पापणीसुद्धा हलवली नसेल.

परतताना इंदापूरला चहा घेताना मी विचारलं, वाईट वाटलं का?

"वाटलं की. लई वाटलं," ते म्हणाले. "आज दिसभर वाटंल. मग बगू."

बारामतीत पुढे पुष्कळ दिवस लोकांनी थट्टा केली. हंडा देवळाबाहेर काढला म्हणे, देवीला चालला नाही म्हणे. हरिभाऊ व्हय व्हय म्हणत. महिन्या दोन महिन्यांनी ते एसटीत बसून बावड्याला जाऊ लागले. तात्या, सोपान आणि हंडा यांचा मेळ बसवणं चाललं होतं. या खेपेला पहिली चौकट सोपानची आखली होती, असं मला रज्जाकभाईंकडून कळलं. श्रावणात तात्या गेले. जायच्या आधी सोपानची उठवणी त्यांनी तीनदा पूर्ण ऐकली होती.

दुसऱ्या वर्षी चैत्रात माझी बदली खानदेशात झाली. निघायच्या आदल्या दिवशी दुकानात गेलो तर कुलूप. वहिनी म्हणाल्या, यात्रेला गेलेत. निरोप घेतल्याशिवाय जायला मन घेईना, म्हणून मीही ट्रंक घेऊनच बावड्याची शेवटची गाडी धरली, गावात मुक्काम केला आणि पहाटे देवळाशी गेलो. उठवणी सुरू झाली होती. सोपान तात्यांच्या जागेवर बसून डोळे मिटून वाजवत होता आणि त्याच्या डाव्या हाताला हंड्यापाशी हरिभाऊ बसले होते. डोक्याला मुंडासं बांधलेलं, एक बोट बटणावर. नाकावर एक माशी चालत होती आणि ते तिला चालू देत होते.

मी चपला काढून मंडपात शिरलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, नुसतं समोर बसून डोळ्यांना डोळे भिडले तरी पुरे होतं. चार पावलं गेलो असेन. खालचा सूर थरथरला. हरिभाऊंनी मान वळवली नाही, फक्त डोळे उचलून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला ओळखलं, हे दिसलं. मी निघालो आहे हेही त्यांना कळलं असावं, कारण माझ्या हातात ट्रंक होती. पण त्यांना रामराम घालता येत नव्हता आणि मला पुढे जाता येत नव्हतं.

मी दोन पावलं मागे सरलो. सूर जागेवर आला.